भीमसेनी एकादशी आणि आपली दिंडी

(शताब्दी सोहळ्यात ज्येष्ठ शुद्ध एकादशीच्या रात्री, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, घुग्घुस येथे झालेले निरूपण)



जमलेले सर्व माळकरी, टाळकरी, विणेकरी, तुळशी डोक्यावर घेणाऱ्या मायबहिणी आणि पाळी संपवून, अंगावरचा कोळसा धुऊन धावतपळत आलेले आमचे खदानीतले भाऊ, सर्वांच्या चरणी दंडवत.

आज ज्येष्ठ शुद्ध एकादशी. आजपासून बरोबर एक महिन्याने आषाढी. उद्या द्वादशीला पारणे फेडायचे आणि पंढरीच्या वाटेला लागायचे. सहाशे किलोमीटरांच्या वरची वाट आहे. दिंडीला १०० वर्षे झाली, तेव्हा आज दिंडीच्या जुन्या लोकांविषयी बोलावे असे पुष्कळांनी सुचवले. ते बोलूच. पण आजच्या तिथीला एका मोठ्या योद्ध्याचे नाव लागलेले आहे. पंचांगात हिला निर्जला एकादशी म्हणतात आणि बायाबापड्या म्हणतात भीमसेनी एकादशी. म्हणून आज भीमाचे सांगावे असे आम्ही ठरवले. त्यात आपल्या दिंडीची एक गोष्ट आहे. ती शेवटी येईल आणि ती सांगताना आमची मान खाली जाणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

भीम आपल्याला नवा नाही. पंढरपुरात राहिलेल्या श्रीधरस्वामींनी पांडवप्रताप लिहिला, त्याला तीनशे वर्षे होऊन गेली. चातुर्मासात गावोगावच्या देवळांत तो आजही लावतात. लहानपणी आपण तो ऐकायला बसत होतो ते कोणासाठी? धर्मराजासाठी नाही. पोरे वाट पाहायची ती भीमाची. तो झाडे उपटतो, राक्षस मारतो, गाडाभर भात खातो. पोरांना आणखी काय पाहिजे! आम्हीही त्याच पोरांतले. वय झाल्यावर मात्र भीमाच्या दुसऱ्याच गोष्टी मनात राहू लागल्या.

लाक्षागृहाची रात्र आठवा. घर पेटले, भुयारातून पांडव बाहेर पडले. मागे आग, पुढे अरण्य, अंधार. आई थकली, भाऊ थकले, कोणाचे पाऊल उचलेना. तेव्हा भीमाने कुंतीमातेला खांद्यावर घेतले, नकुल-सहदेवांना कडेवर घेतले, धर्म आणि अर्जुन यांना हातांनी धरले आणि तो चालू लागला. पुढे सगळे झोपले आणि हा एकटा जागत बसला. भीमाने पहिले मोठे काम केले ते कोणाला मारण्याचे नव्हते, आपली माणसे उचलून नेण्याचे होते.

मग ते एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले. भिक्षा मागून आणायचे. आलेल्या भिक्षेचे दोन भाग व्हायचे. एक भाग पाच जणांत आणि दुसरा सगळा एकट्या भीमाला. आईनेच तशी वाटणी लावलेली. चार भाऊ अर्धपोटी असतील, पण महाभारतात कोणी कुरकुर केल्याचे लिहिलेले नाही. कारण घराला माहीत होते की याचे पोट मोठे आहे आणि याच्याच बळावर आपण रात्री निर्धास्त झोपतो. बकासुराकडे गाडा घेऊन याला पाठवायचे आईने ठरवले तेव्हा धर्मराजाने हेच म्हटले. ज्याच्या बाहूंच्या भरवशावर आपल्याला झोप लागते, त्यालाच राक्षसाच्या तोंडी देतेस का गं आई? पण आईने पाठवले. ज्या घराने आपल्याला थारा दिला, त्या घरावरचे संकट आपण घ्यायचे, एवढाच तिचा हिशेब.

ही भूक लक्षात ठेवा. आजची एकादशी त्या भुकेतूनच निघालेली आहे.

त्याआधी आपल्या मुलखाकडे येऊ. आपल्या शेजारी भद्रावती आहे, जुने लोक भांदक म्हणतात. जैमिनी अश्वमेधाची कथा तुम्ही ऐकली असेल. युद्ध संपले, धर्मराजाला अश्वमेध करायचा, पण श्यामकर्ण घोडा पाहिजे, सगळा पांढरा आणि कान काळे. तसा घोडा भद्रावती नगरीत यौवनाश्व राजाकडे होता. तो आणायला भीम निघाला. सोबत कोण? कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण. ती भद्रावती म्हणजे हीच आपली भद्रावती, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आमचीच ती नगरी असे दुसऱ्या ठिकाणचे लोकही म्हणतात. त्यावर आपण भांडायला नको. आम्हाला त्या कथेत वेगळेच आवडते. ज्या कर्णाशी पांडवांचे उभे वैर, ज्याला अर्जुनाने मारले, त्याच कर्णाच्या पोराला भीम बरोबर घेऊन आला. आणि त्या पोराने काय केले? यौवनाश्वाशी लढून त्याला मूर्च्छित केले आणि लगेच जवळ बसून वारा घालू लागला. राजा शुद्धीवर आला, पाहतो तर शत्रू सेवा करतो आहे. त्याचे वैर तिथेच गळून पडले. घोडा गेला, आणि राजाही कृष्णदर्शनाला निघाला. आपल्या भागाशी जोडलेली भीमाची कथा ही अशी आहे.

आणखी एक सांगितले पाहिजे. आपल्या आजूबाजूच्या डोंगरांत, राजुरा-जिवतीकडे आणि नदीपलीकडे वणीकडे, कोलाम आणि गोंड भाऊबंद राहतात. त्यांच्यातही भीम या नावाचा देव आहे. कोणी भिवसन म्हणतात, कोणी भिमाल पेन म्हणतात. पारशिवनीकडे कुंवारा भिवसनचे मोठे ठाणे आहे. पाऊस पडेना की त्या देवाला साकडे घालतात. आपले काही लोक घाईने सांगतात, तो पांडवांतलाच भीम. तसे म्हणू नये. त्यांचा देव त्यांचा, त्याची कथा त्यांनी सांगावी आणि आपण हात जोडून ऐकावी. आपण घ्यायचे ते एवढेच की या मुलखात भीम हे नाव ऐकले की लोकांना तलवार आठवत नाही, पाऊस आठवतो.

आता भीमाचे दोषही सांगू. देवळात बसून एकाच बाजूचे सांगणे बरे नव्हे. भीमाला राग फार. दुःशासनाच्या छातीचे रक्त त्याने घेतले. दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली, जी गदायुद्धाच्या नियमात बसत नव्हती, आणि बलराम नांगर उगारून धावले. शेवटी महाप्रस्थानात पांडव हिमालयाकडे चालले असता एकेक जण पडत गेला. द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल पडला, अर्जुन पडला. मग भीम पडला. पडल्यावर त्याने धर्मराजाला विचारले, "दादा, मी का पडलो?" धर्मराजाने सांगितले, "तू फार खाल्लेस, दुसऱ्याकडे पाहिले नाहीस आणि आपल्या बळाची बढाई मारलीस." एवढा लाडका भाऊ, पण व्यासांनी त्याचा दोष झाकला नाही.

पण पाहा, पडतानाही भीम विचारतो. हा त्याचा गुण आयुष्यभर दिसतो. गंधमादन पर्वतावर वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून बसले होते. भीम म्हणाला, बाजूला हो. वानर म्हणाले, मला उठवत नाही, तूच शेपूट सरकव. भीमाने एका हाताने उचलून पाहिले, दोन हातांनी उचलून पाहिले, घामाघूम झाला, शेपूट हलेना. दुसरा कोणी असता तर चिडून गदा काढली असती. भीमाने हात जोडले आणि विचारले, "आपण कोण?" तेव्हा कळले की हा मारुती, आपलाच थोरला भाऊ.

याच्या उलट आपल्या विदर्भाचा रुक्मी. रुक्मिणीमातेचा भाऊ. माता आपल्या कौंडिण्यपूरची, आणि कौंडिण्यपूरच्या पायरीला लागलेले वर्धेचे पाणीच पुढे आपल्या घुग्घुसला येते आणि वढ्याला पैनगंगेला भेटते. म्हणजे नात्याने रुक्मी आपला मामाच म्हणा. मोठा धनुर्धर. भारती युद्धाच्या वेळी अक्षौहिणी सैन्य घेऊन पांडवांकडे आला आणि अर्जुनाला म्हणाला, "भ्यालास तर सांग, मी आहे." अर्जुन हसला, म्हणाला, भ्यालो नाही. मग तो दुर्योधनाकडे गेला, तिथेही तेच बोलला, तिथूनही परत. सगळा भारत त्या युद्धात उतरला आणि एवढा बळाचा माणूस घरी बसला. त्याला समोरच्याची भीती मोजता येत होती, स्वतःचे उणे कधी बोलता आले नाही.

आता आजची कथा. ही पुराणात आहे. पांडवांच्या घरी सगळे एकादशी करायचे. कुंती, धर्मराज, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी, सगळे. आणि सगळे भीमाला म्हणायचे, तूही जेवू नकोस. भीम एक दिवस व्यासांकडे गेला आणि म्हणाला, "आजोबा, मला जमत नाही. माझ्या पोटात वृक नावाचा अग्नी आहे, म्हणून मला वृकोदर म्हणतात. एक वेळचे जेवण चुकले तरी तो भडकतो. दान सांगा, पूजा सांगा, काय वाटेल ते सांगा. महिन्याला दोन उपास माझ्याच्याने होत नाहीत. वर्षाला एक होईल. असा एक सांगा की माझे कल्याण होईल."

जरासंधाला चिरणारा, हिडिंब-बक-कीचकांना मारणारा भीम हे बोलतो आहे. गदा उचलायला जेवढे बळ लागत नाही, तेवढे "मला जमत नाही" म्हणायला लागते. आणि व्यासांनी काय केले? आधी नियम सांगितला, दोन्ही पक्षांच्या एकादशीला जेवू नये. नियम मोडला नाही. पण भीमाची अडचण खरी आहे हे पाहिले, तेव्हा वाट काढून दिली. ज्येष्ठ शुद्ध एकादशी, एक दिवस, पाण्याचा थेंबही न घेता. या एकीचे फळ वर्षाच्या २४ एकादश्यांचे. वर आणखी सांगितले की त्या दिवशी पाण्याने भरलेला घडा दान करावा. म्हणजे ज्या दिवशी स्वतः पाणी प्यायचे नाही, त्या दिवशी दुसऱ्याला पाणी द्यायचे. उन्हाळ्याच्या टोकाला ही तिथी येते. आपल्या चंद्रपूरचे ऊन कोणाला सांगायला नको. ४५ अंशांच्या वर पारा गेल्यावर पाण्याचे मोल काय ते आपल्याला ठाऊक आहे.

भीमाने विचारले म्हणून व्यासांनी सांगितले, आणि व्यास ऐकून घेणारे होते म्हणून भीमाला विचारता आले. यातले एक नसते तर ही एकादशी झालीच नसती.

आता आपल्या दिंडीची गोष्ट. नाव घेणार नाही, जुन्या लोकांना कळेल.

आपल्यात एक गडी होता. खदानीत कामाला, अंगाने भीमच. पावसात दिंडीची गाडी चिखलात रुतली की बैलांच्या आधी याचा खांदा लागायचा. ओढ्याला पाणी आले की म्हाताऱ्या मायबहिणींना पाठीवर घेऊन पलीकडे सोडायचा. वर्षभराची रजा साठवून वारीला यायचा. टाळ असा वाजवायचा की मृदंगवाला त्याच्याकडे पाहून ठेका धरायचा.

एका एकादशीला रात्रपाळी करून आला आणि घराच्या ओट्यावर बसून भाकर खाताना कोणाच्या तरी नजरेस पडला. बातमी देवळात आधी पोचली आणि तो मागून आला. हरिपाठ झाल्यावर आम्ही वडीलधाऱ्यांनी सगळ्यांच्या देखत त्याला म्हटले, "गळ्यात माळ घालतोस आणि एकादशीला भाकर खातोस? मग माळ कशाला?" तो काही बोलला नाही. टाळ खुंटीला अडकवला, विठ्ठलाला नमस्कार केला आणि गेला. आम्हाला वाटले, चार दिवसांनी येईल. तो आला नाही. त्या आषाढीला आला नाही, पुढच्या आला नाही, त्याच्याही पुढच्या आला नाही. खुंटीवरचा टाळ तसाच. कोणी काढला नाही, वाजवलाही नाही. ओढ्यावर मात्र आम्हाला दोर लावावा लागला आणि दोन म्हाताऱ्यांनी येणे सोडले.

अशाच एका भीमसेनी एकादशीला पोथी वाचणाराने भीम-व्यासांचा संवाद वाचला. वाचून झाले, पण उठावेसे कोणाला वाटेना. जागरातून उठून आम्ही तिघे-चौघे त्याच्या घरी गेलो. रात्र झालेली. सूनबाईने दार उघडले. आम्हाला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "काकाजी, त्याहीले साखर हाय. गोळी घेतल्यावर खाल्लं नाही त चक्कर येते. खदानीत एकदा पडले होते." तो मागे उभा होता. आम्ही विचारले, "बाबू, त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "मले कोणी इचारलंच नाही."

भाऊंनो, इतकी वर्षे आम्ही पोथ्या ऐकल्या, कीर्तने ऐकली, लोकांना सांगितली. पण एका माणसाला "का रे खाल्लंस?" एवढे विचारायचे आम्हाला सुचले नाही. भीमाला व्यास भेटले होते. आमच्या भीमाला आम्ही भेटलो. त्या रात्री त्याच्या ओट्यावर आम्ही त्याची माफी मागितली. तो आमच्या पाया पडायला वाकला, आम्ही त्याला वाकू दिले नाही. आज या शताब्दीच्या सभेत, सगळ्यांच्या देखत, आम्ही पुन्हा माफी मागतो. कारण बोल लावला होता तो सगळ्यांच्या देखत. मग माफी कोपऱ्यात कशी चालेल?

तो परत आला, हे खरे. एकादशीला गोळी घेतो, थोडे खातो आणि रात्रभर जागराला उभा राहतो. पण त्या तीन वाऱ्या काही परत येणार नाहीत. येणे सोडलेल्या दोघींपैकी एक माय तर पुन्हा पंढरी न पाहताच गेली. ते ओझे आमच्याकडे राहू द्या.

कोणी म्हणेल, बुवा आता एकादशी मोडायला सांगून राहिले. नाही जी. वारकऱ्याला माळ, एकादशी आणि वारी सुटली तर राहिले काय? ज्याला जमते त्याने नेमाने करावी, आम्हीही करतो. व्यासांनीही आधी नियमच सांगितला होता. आम्ही एवढेच म्हणतो की ज्याला जमत नाही त्याने ते बोलून दाखवावे आणि ऐकणाऱ्याने आधी ऐकावे. रागावायचे ते नंतर पाहू. पुष्कळदा गरजच पडत नाही.

म्हणून शंभराव्या वर्षाच्या या वारीसाठी दिंडीने काही गोष्टी ठरवल्या आहेत. ऐका.

पहिली गोष्ट. ज्यांना साखरेची, दाबाची, हृदयाची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे, ज्या मायबहिणी पोटुशा आहेत किंवा ज्यांचे लेकरू अंगावर पिते, त्यांनी उपासाचे आपल्या डॉक्टरला विचारून करावे. उद्या पहाटेपासून उन्हात चालायचे आहे. त्यांच्यापैकी आज कोणी निर्जळ राहिले असेल तर आत्ताच उठून पाणी प्यावे. लाजू नये. विठ्ठल विटेवर उभा आहे, तो कोणाच्या पोटात डोकावत नाही.

दुसरी गोष्ट. कोणाला काही अडचण असेल, पाय चालत नसेल, पैसा नसेल, घरी भांडण असेल, व्यसन सुटत नसेल, त्याने विणेकऱ्याच्या कानात सांगावे. विणेकऱ्याने ती गोष्ट वीणेपाशीच ठेवावी. चव्हाट्यावर कोणाला बोलायचे नाही. हा नियम आधी आम्हा म्हाताऱ्यांना लागू आहे.

तिसरी गोष्ट. व्यासांनी सांगितलेल्या घड्याची. आज सकाळपासून रस्त्यावर आपल्या पोरांनी पाणपोई लावली आहे. डंपरवाले, ट्रकवाले, सिमेंटच्या कारखान्यात जाणारे, सगळे पाणी पिऊन गेले. कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणी विचारले नाही. दिंडी उद्या निघाली तरी पाऊस पडेपर्यंत ती पाणपोई बंद होऊ देऊ नका. गावात मागे राहणाऱ्यांची ती वारी.

आणि जवान पोरांना एक सांगणे. तुमच्या अंगात बळ आहे. व्यायामशाळेत दंड कमावता, चांगली गोष्ट आहे. वाटेत ओढे लागतील, चिखल लागेल, म्हाताऱ्या माणसांचे पाय दुखतील. तिथे ते बळ काढा. भीमाने रानातल्या त्या रात्री जे केले ते तुम्हाला रोज करायला मिळणार आहे. आणि ज्या दिवशी तुमचेच पाय दुखतील, त्या दिवशी गुपचूप मागे राहू नका. हाक मारा.

एक महिन्याने आपण चंद्रभागेच्या वाळवंटात उभे असू. त्या नदीचे मूळ नाव भीमा. ते नाव आपल्या भीमसेनावरून नाही, भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते ती भीमा. पण स्नान करताना दोन्ही आठवले तरी पांडुरंगाला चालेल. तिथे पोचल्यावर मोजायचे ते एवढेच की इथून जेवढे निघाले तेवढे सगळे आले का.

आता जागराला सुरुवात करू. सभा सुरू होताना खुंटीवर एक टाळ होता, तो आता तिथे नाही. ज्याचा आहे त्याने तो हातात घेतलेला आम्हाला इथून दिसतो आहे. पहिला ठेका त्याने धरावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!